हातातली वाटी खाली ठेव आणि बोल

या वेळी आलेल्या पत्रांतलं एक पत्र मी तीनदा वाचलं. न्यू जर्सीहून आलंय. बाकीच्यांना शेवटी थोडक्यात सांगते, रागावू नका, पण या पत्रानं माझी दोन रात्रींची झोप घालवली.

ती लिहिते: "दिवाळीनंतरच्या शनिवारी आमच्याकडे बारा-चौदा जणांचं पॉटलक होतं. जेवता जेवता राजकारण निघालं. आधी ट्रम्प, मग मोदी, मग आरक्षण. यांचे एक जुने मित्र आहेत, त्यांना मी भाऊजीच म्हणते. ते म्हणाले, 'भारतात जाऊन ऑपरेशन करणार असाल तर डॉक्टर कोट्यातला नाही ना, ते आधी बघून घ्या.' सगळे हसले. खरं सांगते, मीही हसले. समोर यांच्या ऑफिसातल्या मित्राची बायको बसली होती. त्यांची जात आम्ही कधी विचारली नाही, पण अंदाज आहे. तिनं ताटात अर्धी पोळी तशीच ठेवली, उठली आणि किचनमध्ये जाऊन माझे ट्रे धुवायला लागली. मी नुसती 'अहो, राहू द्या' म्हणत राहिले. रात्री माझ्या तेरा वर्षांच्या मुलीनं विचारलं, 'आई, काकू रडत होत्या का? आणि कोटा म्हणजे काय?' मी म्हटलं, मोठ्यांचं बोलणं असतं ते, झोप आता. त्यानंतर त्या मित्राची बायको माझा फोन उचलत नाही. मी काय करायला हवं होतं?"

तू माझ्या धाकट्या बहिणीच्या वयाची दिसतेस, म्हणून अगं-तुगं करते. आधी हे सांगते, की तू पत्र लिहिलंस. मी हसले, हे स्वतःहून कबूल केलंस. पंचवीस वर्षांपूर्वी माझ्यात एवढंही धैर्य नव्हतं. पण आता थोडं रागावू दे मला.

"जात कधी विचारली नाही, पण अंदाज आहे." अगं, हा अंदाज आला कुठून? आडनाव ऐकल्यावर आपण थांबत नाही. "म्हणजे मूळचे कुठले?" विचारतो. "-कर" लावणारं असेल तर "पण त्याच्या आधीचं आडनाव?" हेही विचारतो. सणाला नैवेद्य काय करता, लग्नाला कुठला हॉल घेतला होता, वडील कशात होते, सगळं गोड बोलत काढून घेतो. शब्द तेवढा उच्चारत नाही, आणि त्यालाच जात न मानणं म्हणतो. समोरच्या बाईला हे प्रश्न आयुष्यभर आलेले असतात. आपण काय शोधतोय, हे तिला पहिल्या प्रश्नातच कळतं.

ही बॅगेतून आलेली गोष्ट आहे. आपले ज्ञानकोशकार केतकर कॉर्नेलला शिकायला आले होते. हिंदू लोक परदेशी गेले की जात हा जगाचा प्रश्न होईल, हे त्यांनी जातीवरच्या आपल्या इंग्रजी पुस्तकात 1909 मध्ये ओळखलं होतं. पुढे बाबासाहेब कोलंबियाला आले आणि मे 1916 मध्ये त्यांनी तिथे निबंध वाचला, त्यात त्यांनी केतकरांचं हेच म्हणणं पुढे ठेवलं. दोन मराठी माणसं, दोघंही न्यूयॉर्क राज्यात शिकलेली. तुझ्या घरापासून कोलंबिया तास-दीड तासावर असेल. सिएटलनं 2023 च्या फेब्रुवारीत जातिभेदावर बंदी घातली, कॅलिफोर्नियाचं विधेयक त्याच वर्षी ऑक्टोबरात गव्हर्नरनी नाकारलं, तेव्हा आपल्या लोकांच्या बैठकींत केवढे आवाज चढले! पण तुझ्या जेवणाच्या टेबलावर कुठलाच कायदा येत नाही गं. तिथे तूच असतेस.

आता तू विचारलेलं. काय करायला हवं होतं?

हातातली वाटी खाली ठेवायची आणि म्हणायचं, "भाऊजी, असं नका बोलू." बास. चार शब्द, मराठीत.

मी हे मराठीत का म्हणते, ते माझ्या वाचकांना पाठ झालं असेल, तरी पुन्हा सांगते. आपण इथे रागवायची वेळ आली की इंग्रजीत शिरतो. "दॅट्स नॉट ओके" म्हणतो. ते ऑफिसातल्या ट्रेनिंगसारखं वाजतं, आणि समोरचा माणूसही लगेच इंग्रजीत वकिली सुरू करतो. बोलणं मराठीत झालं, हसणं मराठीत झालं, मग थांबवणंही मराठीतच व्हायला हवं. "भाऊजी" म्हटलं की नातं जागेवर राहतं. नात्यातल्या माणसानं नात्यातल्या माणसाला अडवलेलं त्याला झोंबतं, पण पोचतं. माझे सासरे फार तापट होते. त्यांना युक्तिवादानं कधीच कुणी गप्प केलं नाही. माझ्या सासूबाई फक्त "अहो, पुरे" म्हणायच्या, तेही आमटी वाढता वाढता, आणि पुढचं वाक्य त्यांच्या घशातच राहायचं. तो "पुरे" मी तीस वर्षं सांभाळून ठेवलाय.

आकड्यांनी मात्र भांडू नकोस. भाऊजी 50 टक्क्यांची मर्यादा काढतील, तू 2019 चं आर्थिक दुर्बलांचं 10 टक्के काढशील, कुणीतरी मंडल आयोगावर जाईल आणि तासाभरानं ती बाई अजून नळाखाली ट्रेच घासत असेल. आरक्षण असावं की नसावं, किती असावं, यावर लोकांची मतं वेगळी असणारच. भाऊजींनी मात्र मत मांडलंच नव्हतं. त्यांनी माणसांच्या एका गटाला एका वाक्यात नालायक ठरवलं. हा फरक कळला की कधी बोलायचं आणि कधी जेवत राहायचं, ते आपोआप कळतं.

पण तुझ्यासाठी म्हणून सांगते, म्हणजे तुझा आवाज कापणार नाही. प्रवेश कुठल्याही रांगेतून झाला तरी एमबीबीएसची परीक्षा सगळ्यांना एकच असते. आणि रांगा काय एकाच प्रकारच्या आहेत? महाराष्ट्रात 1983 नंतर खाजगी इंजिनिअरिंग कॉलेजं उघडली, आणि डोनेशन भरून शिकलेली कितीतरी चांगली मुलं आज इथे घरं घेऊन राहताहेत. एनआरआय कोटा तर आपल्याच नावानं आहे. 2005 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं खाजगी कॉलेजांना त्यासाठी 15 टक्क्यांपर्यंत जागांची मुभा दिली. माझ्या माहेरचा एक भाचा त्याच रांगेतून डॉक्टर झाला. मार्क बेताचे होते, भावानं इथून डॉलर पाठवले. आज तो उत्तम डॉक्टर आहे, माझ्या आईचं सगळं त्यानंच पाहिलं. त्याला आजवर एकानंही कोट्यातला म्हटलं नाही. हे मला आमच्या घरात कळायला फार वर्षं लागली, आणि कळलं तेव्हा लाज वाटली.

आता एक गोष्ट अगदी जपून कर. बोलताना तिच्याकडे बघायचं नाही. आपल्या लोकांना ही फार वाईट सवय आहे, टोमणा पडला की सगळ्यांच्या नजरा त्या एका माणसाकडे वळतात. तिच्याकडे बघून "असं कसं बोलता, काय वाटेल त्यांना!" म्हटलंस तर तिनं जे सांगितलेलं नाही ते तूच भर पंगतीत सांगून टाकतेस. बघायचं भाऊजींकडे. बोलायचं ते तुझ्या स्वतःच्या नावानं, तिच्या वतीनं नाही. घर तुझं आहे, तुला चालत नाही, एवढं कारण पुरतं.

हे मला कुणी शिकवलं, ते सांगते.

आम्ही 1992 ला ओहायोत आलो. तिसऱ्या का चौथ्या वर्षी एक सोलापूरकडची बाई भेटली, नवरा हॉस्पिटलच्या लॅबमध्ये होता. तिच्यासारखी शेंगाचटणी मी आजवर खाल्ली नाही. ती उखळात कुटायची, मिक्सरला हात लावायची नाही, आणि तो कुटलेला तेलकट गोळा जुन्या कॉफीच्या डब्यात भरून मला द्यायची. माझा मुलगा तापानं फणफणला होता त्या बर्फाच्या रात्री तीच गाडी काढून आली. एकदा तिच्याकडे हिवाळ्यात जेवायला गेलो. आपल्याकडे पाहुण्यांचे कोट वरच्या बेडरूममध्ये पलंगावर टाकतात ना, तसा माझा कोट ठेवायला गेले तर पलंगासमोरच्या भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो होता, चंदनाचा हार घातलेला. खाली हॉलमध्ये समुद्राचं एक चित्र होतं, बस. मी खाली आले, काही बोलले नाही. मला वाटलं, हा माझा मोठेपणा.

पुढच्या संक्रांतीला माझ्याकडे हळदीकुंकू होतं. एक वयस्क बाई तिला विचारायला लागल्या, "तुमचं मूळ आडनाव काय हो?" तिनं टाळलं. बाई थांबेनात. मग दुसरीकडे वळून म्हणाल्या, "हल्ली कळतच नाही बाई कोण कोण ते." माझ्या हातात तिळगुळाची वाटी होती. मी तिळगूळ वाटत राहिले. गोड बोला, म्हणत राहिले. तिलाही दिला.

ती नंतर आली नाही. तिनं भांडणही केलं नाही, नुसती कामं निघत गेली. सात वर्षांनी एका लग्नात भेटली तेव्हा मी रडत माफी मागितली. ती म्हणाली, "त्या बाईंचं मला काहीच वाटलं नव्हतं गं. तू ऐकलंस का, एवढंच मी बघत होते. तू ऐकलंस आणि पुढच्या बाईला तिळगूळ दिलास."

तेव्हापासून मी हे एकच तुणतुणं वाजवते. वाजवीन.

तुझ्या मुलीचं राहिलं. "मोठ्यांचं बोलणं असतं" हे उत्तर तिला पुरलेलं नाही. पुरलं असतं तर काकू रडत होत्या का, हे तिनं विचारलंच नसतं. टेबलावर बसलेल्या चौदा जणांत ट्रे धुणाऱ्या बाईचा चेहरा एका मुलीनं पाहिला. तिला कोटा म्हणजे काय ते नीट सांग, जात म्हणजे काय तेही सांग, आणि आई चुकली, हे तर नक्की सांग. माझ्या मोठ्या जाऊबाई 1987 मध्ये जर्सी सिटीत होत्या. डॉटबस्टर्स म्हणवणारी पोरं तेव्हा आपल्या लोकांना गाठून मारत होती. जाऊबाई सकाळी पाथ स्टेशनला निघताना दाराशी टिकली काढून पर्सच्या आरशाला चिकटवायच्या आणि घरी आल्यावर परत लावायच्या. हे त्यांनी मुलांना तेव्हा सांगितलं नाही, घाबरतील म्हणून. मुलांनी मात्र आरसा पाहिलेला होता. धाकटा आज पन्नाशीला आलाय, अजून त्या आरशाबद्दल बोलतो. मुलांपासून काही लपत नाही गं, फक्त आपण समजावायचे राहून जातो.

आता बाकीच्यांना भराभर.

टेक्ससहून एकजण लिहितात, की निवडणुकीवरून मेहुण्याशी इतकं वाजलं की वर्षभर बोलणं नाही. फोन करा हो! मतं दोघांचीही राहू द्यात, आईच्या औषधांचं विचारा, तिथून बोलणं सुरू होतं.

एक सून विचारते, सहा महिन्यांसाठी आलेल्या सासूबाई नातीच्या मैत्रिणीला तिच्यासमोर "ती काळी" म्हणतात, वयाकडे बघून सोडून द्यावं का? नाही. एकांतात, मान ठेवून, पण सांगायचं. आपल्याला हा देश उघडला तो 1965 च्या इमिग्रेशन कायद्यानं, आणि त्या काळात काळ्या लोकांनी रस्त्यावर मार खाऊन नागरी हक्कांची लढाई लढली नसती तर तो कायदा झालाही नसता, हे सासूबाईंना कुणी सांगितलेलंच नसेल. त्या मुलीला एकदा घरी बोलवा आणि सासूबाईंना तिच्यासाठी थालीपीठ लावायला सांगा.

इंग्लंडमधल्या लेस्टरच्या वाचकाला: मंडळाच्या ग्रुपवर येणारे शेजाऱ्यांविरुद्धचे व्हिडिओ बघू नका, पुढे तर मुळीच पाठवू नका. 2022 च्या सप्टेंबरात तुमच्या शहरात हिंदू-मुसलमानांत अफवांनी काय केलं ते तुम्ही माझ्याहून जवळून पाहिलंय. ग्रुप सोडलात तरी मंडळ सुटत नाही.

परत तुझ्याकडे येते. ती फोन उचलत नाही म्हणतेस, तर मेसेजवर मोठं पत्र लिहू नकोस. शनिवारी तिच्या दाराशी जा. नवऱ्याला नेऊ नकोस, मुलीला ने. "मी ऐकलं होतं, आणि मी हसले," एवढंच सांग. भाऊजी तसे मनानं चांगले आहेत, हे एकदाही म्हणू नकोस. तिनं आत बोलावलं नाही तर दारातच सांग आणि परत ये. आणि मग भाऊजींना फोन कर, ते पुढच्या वेळी तुझ्या घरी जेवायला यायच्या आधी.