प्रवाळांचे खाद्य आणि वाढ
आपल्या समुद्री मत्स्यटाकीतले प्रवाळ वाढत नाहीत म्हणून आपण खाद्य वाढवले आहे, असे आपण कळवले आहे. तथापि त्यांच्या ऊतींत राहणारी सूक्ष्म शैवाले प्रकाशावर जे अन्न तयार करतात, त्यावरच टाकीत पाळल्या जाणाऱ्या बहुतेक प्रवाळांचे मुख्य पोषण होत असल्यामुळे, आधी दिवे आणि पाण्याची क्षारता (अल्कलिनिटी; खारटपणा नव्हे) तपासावी. क्षारता ८ ते ९ डीकेएच (क्षारता मोजण्याचे एकक) आणि कॅल्शियम ४०० ते ४५० पीपीएम (दशलक्ष भागांतील भाग) यांदरम्यान स्थिर ठेवावे. खाद्य आठवड्यातून दोनदा पुरते. दिवे मालवल्यावर प्रवाळांच्या स्पर्शिका (अन्न पकडणारे बारीक अवयव) बाहेर आल्या, की पंप थोडा वेळ थांबवून ते पिपेटने द्यावे, कारण उरलेले कुजून नायट्रेट व फॉस्फेट वाढवते. सांगलीच्या उन्हाळ्यात पारा चाळिशीला भिडतो, तेव्हा महागड्या खाद्यापेक्षा टाकीतले पाणी थंड ठेवणाऱ्या चिलरवरचा खर्च अधिक कामी येतो. दगडी प्रवाळांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाचे संरक्षण आहे, त्यामुळे कागदपत्रांविना ते घेऊ नयेत.