नुसता आकडा नको, पूर्ण रिपोर्ट मागा

प्रश्न : मॅडम, मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात शिकवते. आठवडी बाजारांच्या इतिहासावरचा माझा मराठी प्रबंध लिहून झाला आहे. विद्यापीठाच्या ग्रंथालयाने प्लेजरिझम (वाङ्मयचौर्य) तपासणीत ३४ टक्के साम्य दाखवलं आणि दोन प्रकरणांची फाइल ‘वाचली जात नाही’ म्हणून परत केली. पीएचडी विभाग म्हणतो, आधी या तपासणीचं प्रमाणपत्र आणा. ग्रंथालय म्हणतं, नियम पीएचडी विभागाला विचारा. माझी नोंदणी रद्द होईल का?

उत्तर : ताई, नाही होणार. विद्यापीठाच्या ग्रंथालयात नोकरी केली, तेव्हा अशा हेलपाट्यांनी रडकुंडीला आलेले संशोधक फार पाहिले. म्हणून सविस्तर लिहिते.

ग्रंथालयाकडून पूर्ण रिपोर्ट मागून घ्या. त्यात जुळणाऱ्या ओळी रंगवलेल्या असतात आणि कोणती ओळ कुठे जुळली तेही दिलेलं असतं. मार्गदर्शकांना शेजारी बसवून एकेक पान बघा. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमांप्रमाणे संदर्भसूची, अनुक्रमणिका, प्रस्तावना, ऋणनिर्देश आणि श्रेय देऊन घेतलेली अवतरणं मोजायचीच नसतात. सलग १४ शब्दांपर्यंतचं योगायोगाचं साम्यही धरायचं नसतं. तुमच्या विषयात गॅझेटिअरमधले, म्हणजे जिल्ह्याची माहिती देणाऱ्या सरकारी ग्रंथांमधले, उतारे भरपूर असणार. त्यांची अवतरणचिन्हं टंकलेखनात गळली असतील, तर सॉफ्टवेअर ते तुमच्याच नावावर मांडतं. जिथे खरोखरच दुसऱ्याचं वाक्य तसंच आलं असेल, तिथे शब्द इकडचे तिकडे करू नका. मूळ कागद पुन्हा वाचा आणि स्वतःचं म्हणणं लिहा.

एवढं करून साम्य १० टक्क्यांपर्यंत आलं, तर दंड नाही. १० ते ४० मध्ये राहिलं, तरी सुधारून सादर करायला जास्तीत जास्त सहा महिने मिळतात. नोंदणी रद्द होते ती ६० च्या वर. हे तुम्हाला पहिल्याच दिवशी पीएचडी विभागाने सांगायला हवं होतं.

आता परत आलेली फाइल. त्या पीडीएफमधली एक ओळ कॉपी करून मोबाइलवर मेसेजच्या चौकटीत पेस्ट करा. मराठीऐवजी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा काला दिसला, तर ती प्रकरणं जुन्या, युनिकोड (कुठल्याही संगणकाला मराठी अक्षरं ओळखता येतील अशी प्रमाण पद्धत) नसलेल्या फाँटमध्ये आहेत. छापलं की उत्तम दिसतं, पण संगणकाला त्यात मराठी सापडतच नाही. कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणा आणि मग प्रत्येक ओळ डोळ्यांखालून घाला. रफार, पहिली वेलांटी आणि जोडाक्षरं हमखास सरकतात. कटकटीचं काम आहे, पण टाळू नका. प्रबंध शोधगंगेवर, म्हणजे देशभरातल्या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर, जाईल, तेव्हा उद्या कुणी ‘आठवडी बाजार’ असा शोध घेतला तर तुमची ही दोन प्रकरणं त्याला सापडली पाहिजेत. इतक्या मेहनतीचं काम नुसतं साठवणीत पडून राहिलं, तर मला फार वाईट वाटेल.

या दोन विभागांबद्दल मला कळकळीने सांगायचं आहे. सॉफ्टवेअरचं लॉगिन ग्रंथालयाकडे, नियम आणि मुदती पीएचडी विभागाकडे, आणि मधली धावपळ संशोधकाकडे, ही वाटणीच चुकीची आहे. आमच्याकडे कोर्सवर्क, म्हणजे पीएचडीच्या सुरुवातीचे सक्तीचे वर्ग, चालू असतानाच दोन्हीकडची माणसं मिळून तास घ्यायची. फाँट कोणता वापरायचा, अवतरण कसं द्यायचं, सिनॉप्सिस (संशोधनाचा आराखडा) शोधगंगोत्रीवर, म्हणजे अशा आराखड्यांच्या ऑनलाइन संग्रहावर, का जातो, हे सगळं तेव्हाच व्हायचं. दोन क्रेडिटचा संशोधन-नीतीचा कोर्स सक्तीचा आहेच. त्यात ग्रंथपालांना वर्गावर बोलवायला वेगळा ठराव लागत नाही.

तुम्ही मात्र आता एकच अर्ज लिहा, ग्रंथपाल आणि पीएचडी विभाग या दोघांच्या नावे, मार्गदर्शकांच्या सहीने. कोणत्या पानांवरचे कोणते उतारे वगळायला हवेत त्याचा तक्ता जोडा, युनिकोड प्रत द्या, फेरतपासणी मागा. दोघांनी तुमच्यासमोर एकत्र बसावं, अशी विनंतीही त्यातच लिहा. अर्ज दोन्हीकडे देऊन आपल्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारीख घालून घ्या.