घरासाठीच राबतोय, मग घरचे नाराज का?

तुम्ही विचारलंय : ‘कामाशिवाय चैन पडत नाही. रात्री अकरापर्यंत ऑफिस, रविवारी लॅपटॉप. पैसा घरासाठीच मिळवतोय ना, मग बायको कुरकुर का करते?’

कुरकुर करतेय तोवर बरं आहे. आमच्याकडं तीही थांबली होती.

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत माझा टॉवेलचा छोटा कारखाना आहे, १२ माग. ऑर्डर नसली तरी मी रात्री दहापर्यंत तिथंच. सुताचे भाव बघ, झालेला हिशोब परत घाल. खरं सांगायचं तर घरी जाऊन करायचं काय, हेच कळत नव्हतं. सीझनला राबणं वेगळं आणि रिकाम्या तासाची धास्ती वाटणं वेगळं. तुमचं यातलं कुठलं, ते आधी बघा.

तब्येतीचं म्हणाल तर जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं २०२१ मध्ये आकडे दिलेत : आठवड्याला ३५-४० तास काम करणाऱ्यांपेक्षा ५५ किंवा त्याहून जास्त तास काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्के जास्त, हृदयविकारानं मरण्याचा १७ टक्के. मला बीपीची गोळी ४१व्या वर्षी लागली. तीही कारखान्यातच विसरायचो.

रविवारच्या सुट्टीसाठी नारायण मेघाजी लोखंडे गिरणी कामगारांच्या बाजूनं झगडले, तेव्हा कुठं १८९० साली ती मिळाली. मी स्वतःच मालक, स्वतःच ती गिळत होतो.

आमच्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेत होम मैदानावर शोभेचं दारूकाम असतं. धाकट्याला ते दरवर्षी मेहुण्याच्या खांद्यावरून दिसलं. पण मला लागलं ते दुसरंच. एकदा कारखान्यातली लाईट गेली म्हणून आठलाच घरी आलो. सगळे जेवायला बसलेले. टोपलीत भाकरी मोजून, माझ्या नावची एकही नाही. कुणी चिडलेलं नव्हतं. बायको म्हणाली, “तुम्ही येणार हे माहीत नव्हतं हो,” आणि उठून परत पीठ मळायला बसली. ताटात शेंगाचटणी वाढलेली, मी भाकरीची वाट बघत बसलेलो. लेकरांनी टीव्हीचा आवाज कमी केला, पाहुणा आल्यासारखा.

आता आठला शटर ओढतो. पहिले दोन महिने घरी नुसता अवघडून बसायचो, हात सारखा मोबाईलकडं. तुमचंही तसंच होईल, पळून जाऊ नका. बायको ‘येताय का’ म्हणून अजून विचारत नाही. मीच साडेसातला फोन करतो : माझ्या दोन टाक.