‘लाइव्ह रेझिन’ला चरस म्हणावे का?

प्रश्न एका अनुवादकाचा आहे. ‘स्कंक नंबर वन’ या गांजाच्या जुन्या, नावाजलेल्या प्रकाराविषयीच्या लेखात ‘स्ट्रेन’ला जात म्हणावे की वाण, आणि ताज्या झाडांपासून काढलेल्या ‘लाइव्ह रेझिन’ला चरस म्हटले तर चालेल का?

पहिल्याचे उत्तर सोपे आहे: वाणच म्हणावे. वनस्पतिशास्त्राच्या मराठी लेखनात जात हा शब्द ‘स्पीशीज’साठी गुंतलेला आहे, आणि अफगाणी, मेक्सिकन व कोलंबियन झाडांच्या संकरातून १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियात तयार झालेले स्कंक ही काही स्वतंत्र स्पीशीज नव्हे. आपण ज्वारीचा मालदांडी वाण म्हणतो तसाच हा गांजाचा वाण. लिंग मात्र सांभाळावे. हा वाण पुल्लिंगी, संक्रांतीला लुटतात ते वाण नपुंसकलिंगी, आणि ‘वाण नाही पण गुण लागला’ या म्हणीतला वाण रंगाचा.

दुसऱ्या प्रश्नात खरा गुंता आहे, कारण चरस हाही मुळात ताज्या झाडाचाच पदार्थ. हिमाचलातल्या मलाणा गावाकडे फुलोऱ्यावर आलेली हिरवी झाडे दोन्ही तळहातांत हलक्या हाताने चोळत राहतात. हातावर काळपट, चिकट थर चढतो आणि तो खरवडून त्याच्या गोळ्या किंवा कांड्या वळतात. याउलट मोरोक्को किंवा लेबनॉनमधला हशीश झाड वाळवून, चाळून, खाली पडलेली भुकटी दाबून करतात. ताजे की वाळलेले एवढाच निकष लावला तर लाइव्ह रेझिन हशीशपेक्षा चरसाच्या जवळचे ठरते, त्यामुळे विचारणाऱ्याला तो शब्द सुचला यात नवल नाही.

तरीही तो वापरू नये. अमेरिकेत कोलोरॅडोकडे २०१० नंतर रूढ झालेल्या या प्रकारात कापलेले झाड न वाळवता लगेच गोठवतात आणि मग ब्यूटेनसारख्या द्रावकाने कमी तापमानात अर्क काढतात. वाळवताना उडून जाणारी मायर्सीनसारखी सुगंधी द्रव्ये त्यामुळे बरीचशी टिकतात. चरस म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे हाताने वळलेली काळी गोळी येते, आणि हे तर सोनेरी, कधी पातळ तर कधी दाणेदार असते.

मग पर्याय काय? ‘जिवंत राळ’ हे शब्दाला शब्द ठेवून केलेले भाषांतर हास्यास्पद आहे. राळ हा अर्धा भाग मात्र अगदी अचूक आहे, आणि तिथे डिंक लिहिण्याचा मोह टाळावा. डिंक पाण्यात विरघळतो, राळ विरघळत नाही. गांजाच्या फुलांवरच्या सूक्ष्म ग्रंथींतला स्राव राळेच्याच जातकुळीतला आहे. म्हणून तर बर्फाच्या पाण्यात झाड घुसळून त्या ग्रंथी वेगळ्या काढता येतात, आणि म्हणूनच भांग नुसत्या पाण्यात न उकळता दुधात किंवा तुपात शिजवण्याची रीत पडली. माझ्या मते पहिल्या उल्लेखाला ‘लाइव्ह रेझिन, म्हणजे ताज्या गोठवलेल्या झाडाची राळ’ असे लिहावे आणि पुढे लाइव्ह रेझिन हाच शब्द देवनागरीत चालू ठेवावा.

एक अपवाद सांगायला हवा. लेख भारतातल्या खटल्याचा असेल तर चरस लिहिणे चूक नाही, उलट आवश्यक आहे. १९८५ च्या एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्याने झाडापासून वेगळी केलेली राळ, मग ती कच्ची असो वा शुद्ध, चरसाच्या व्याख्येत घेतली आहे आणि हशीश तेलही त्यातच घातले आहे. गांजा म्हणजे या कायद्यात फुलांचे किंवा फळांचे शेंडे. शेंड्यांवाचून असलेली नुसती पाने त्यातून वगळली आहेत. शब्द चुकला तर इथे हिशेबही चुकतो, कारण ‘अल्प प्रमाणा’ची मर्यादा चरसासाठी १०० ग्रॅम आहे आणि गांजासाठी १ किलो.