न छापलेल्या चाचण्यांचा हिशोब

प्रश्न : औषध कुचकामी ठरलेली चाचणी छापली नाही, तर रुग्णाचं काय बिघडतं?

जीव जाऊ शकतो. १९८० मध्ये लॉरकेनाइड हे हृदयाची लय सुधारणारं औषध झटका आलेल्या रुग्णांवर तपासलं गेलं. औषध घेतलेल्या ४८ पैकी ९ जण दगावले, प्लासिबो, म्हणजे औषध नसलेली तशीच दिसणारी गोळी, घेतलेल्या ४७ पैकी १. संशोधकांना तो योगायोग वाटला, औषधाचं काम व्यावसायिक कारणांनी थांबलं आणि हे आकडे १९९३ पर्यंत छापलेच गेले नाहीत. दरम्यान तशाच प्रकारची औषधं दिली जात होती. त्यातल्या एन्केनाइड आणि फ्लेकेनाइडने मृत्यू वाढतात, हे मोठ्या चाचणीत कळायला १९८९ उजाडलं. ४८ रुग्ण थोडे खरे, पण इशारा द्यायला पुरेसे होते.

प्रश्न : अशा किती चाचण्या गायब होतात?

औषधागणिक फरक पडतो. नैराश्यावरच्या १२ औषधांचा हिशोब मात्र २००८ मध्ये नीट मांडला गेला. अमेरिकेच्या औषध नियामकाकडे ७४ चाचण्या नोंदलेल्या होत्या. नियामकाच्या मते यशस्वी ३८. त्यातल्या ३७ छापून आल्या. उरलेल्या ३६ पैकी २२ छापल्याच नाहीत, ११ औषध लागू पडल्यासारख्या रंगवून छापल्या, जशाच्या तशा फक्त ३. छापील निबंध वाचणाऱ्या डॉक्टरला ९४ टक्के चाचण्या यशस्वी दिसल्या, नियामकाच्या हिशोबाने ५१ टक्केच होत्या. त्या ११ अधिक घातक. गायब चाचणी निदान शोधता येते, रंगवलेली वाचूनही कळत नाही.

प्रश्न : हाती आलेला निबंध तपासायचा कसा?

आधी चाचणीचा नोंदणी क्रमांक शोधा. तो बहुधा गोषवाऱ्याच्या शेवटी असतो. चाचण्यांच्या अमेरिकी नोंदवहीत (ClinicalTrials.gov) तो ‘एनसीटी’ आणि पुढे ८ अंक असा असतो. नोंद मागाहून बदलता येते, पण जुन्या आवृत्त्या तिथेच राहतात. पहिला रुग्ण घेण्याआधीची आवृत्ती उघडा आणि निबंधाशी ताडून पाहा : प्रायमरी आउटकम, म्हणजे मुख्य मोजमाप, तेच आहे का? ते कधी घ्यायचं होतं? रुग्ण किती ठरले होते? नोंदीत ‘१२ आठवड्यांनी वेदना’ आणि निबंधात ‘६ आठवड्यांनी झोप’ असेल, तर वेदनेचं काय झालं याचं उत्तर निबंधात सापडलंच पाहिजे. २० मोजमापं घेतली, तर औषधात काही दम नसतानाही सरासरी एखाद्याची पी-व्हॅल्यू, म्हणजे औषध निरुपयोगी असताना निव्वळ योगायोगाने एवढा फरक दिसण्याची शक्यता, ०.०५ च्या खाली उतरते, आणि मग तेच मोजमाप मथळ्यात चढतं.

प्रश्न : फनेल प्लॉट, म्हणजे अनेक चाचण्यांचे निकाल त्यांच्या आकारानुसार मांडणारा आलेख, एका बाजूला कलला म्हणजे लपवाछपवी झालीच का?

तेवढ्यावरून नाही. लहान, अपयशी चाचण्या दडवल्या की तो कलतो खरा, पण लहान चाचण्यांत जास्त आजारी रुग्ण असले किंवा पद्धत ढिसाळ असली, तरी आलेख कलतो. दहापेक्षा कमी चाचण्या असतील तर त्यावर विसंबूच नका. त्यापेक्षा नोंदवहीत ‘पूर्ण’ असा शेरा असूनही निकाल न दिलेल्या चाचण्या मोजा आणि त्यांतले रुग्ण किती ते पाहा.