परांचीवरून पडलेल्या गवंड्याची भरपाई : स्टॅम्प पेपरवर सही करण्याआधी

आपण कळवलेली हकिगत मला समजली ती अशी. आपले धाकटे बंधू, वय ३५, गवंडीकाम करतात. ऑगस्ट २०२५ मध्ये पुण्याजवळच्या एका साइटवर बाहेरून प्लास्टर करताना परांचीची फळी निसटली, ते दोन मजले खाली कोसळले, उजव्या टाचेच्या हाडाचा चुरा झाला आणि मनगट मोडले. ठेकेदाराने दवाखान्यात २० हजार रुपये भरले. आता ५० हजारांत मिटवून घ्या म्हणून तो स्टॅम्प पेपरवर सही मागतो आहे, वर ‘बेल्ट लावला नव्हता, चूक त्याचीच’ असेही ऐकवतो आहे. बिल्डरचे कार्यालय ‘हा आमचा माणूसच नाही’ म्हणते. बंधू सध्या नांदेड जिल्ह्यात गावी आहेत.

सही करू नका. ती कोणी घाईगर्दीत करून घेतलीच असेल, तरी सगळे संपले असे मुळीच समजू नका. कर्मचारी नुकसानभरपाई कायदा, १९२३ याच्या कलम १७ प्रमाणे कामगाराने भरपाईचा हक्क सोडून दिल्याचा करार रद्दबातल ठरतो. एकरकमी तडजोड करायचीच असेल तर तिचा लेख कलम २८ खाली आयुक्तांकडे, म्हणजे या कायद्याखालचे भरपाईचे दावे ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे, नोंदवावा लागतो. रक्कम अपुरी वाटली किंवा सही दबावाखाली घेतल्याचे दिसले, तर आयुक्त नोंदणी नाकारू शकतात. न नोंदवलेल्या कागदाने मालकाची पूर्ण रकमेची जबाबदारी टळत नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून या कायद्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली म्हणून जुना कायदा आता चालत नाही, असेही आपल्याला कोणी सांगेल. परंतु भरपाईचे देणे अपघाताच्या दिवशीच उत्पन्न होते आणि आपला अपघात त्याआधीचा आहे.

बेल्टच्या मुद्द्याने पुष्कळ कुटुंबे हबकतात. या कायद्यात कामगाराचा साधा निष्काळजीपणा हा मालकाचा बचाव होऊ शकत नाही. सुरक्षिततेसाठी दिलेला स्पष्ट आदेश कामगाराने जाणूनबुजून मोडला आणि इजा थेट त्यामुळेच झाली, हे मालकाला सिद्ध करावे लागते. तेव्हा बेल्ट दिला होता का, दिला असल्यास तो अडकवायला दोर किंवा पाइप होता का, आणि फळी बांधण्याचे काम कोणाचे होते, एवढे तीन प्रश्न ठेकेदाराला लेखी विचारा. मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आले असेल, तर हा बचाव घेताच येत नाही.

बिल्डरचे म्हणणेही टिकणारे नाही. आपल्याच धंद्याचे काम त्याने ठेकेदारामार्फत आपल्या जागेवर करून घेतले, म्हणून कलम १२ प्रमाणे भरपाई त्याच्याकडून मागता येते. नंतर ती त्याने ठेकेदाराकडून वसूल करावी. अर्जात दोघांनाही सामनेवाले करा आणि बिल्डरकडे कामगारांची विमा पॉलिसी असल्यास विमा कंपनीलाही जोडा.

आता रक्कम. हजेरी ७०० रुपये आणि महिन्याला २६ दिवस धरले तर मजुरी १८,२०० होते, पण ३ जानेवारी २०२० पासून हिशेबासाठी कमाल १५,००० रुपयेच धरले जातात. कायमच्या पूर्ण अपंगत्वाला त्याच्या ६० टक्के, म्हणजे ९,००० रुपये, गुणिले कायद्याच्या तक्त्यातला वयाचा गुणक. ३५ व्या वर्षाचा गुणक १९७.०६ आहे. हे झाले १७,७३,५४० रुपये. अपंगत्व अंशतः असेल तर कमाईची क्षमता जितके टक्के गेली तितका हिस्सा मिळतो, म्हणजे ४० टक्क्यांना ७,०९,४१६ रुपये. ठेकेदाराचे ५० हजार याच्या शेजारी ठेवून पाहा. औषधोपचाराचा प्रत्यक्ष खर्च वेगळा मिळतो, त्यामुळे दवाखान्यात भरलेले २० हजार भरपाईतून वजा करता येत नाहीत. महिन्याभरात भरपाई न दिल्यास १२ टक्के व्याज लागते आणि सबळ कारण नसेल तर ५० टक्क्यांपर्यंत दंडही होतो. हा दंड विमा कंपनीच्या नव्हे, मालकाच्या खिशातून जातो.

सगळी लढाई प्रत्यक्षात त्या टक्केवारीवर होते. सरकारी रुग्णालयाचे अपंगत्व प्रमाणपत्र शरीराचे किती नुकसान झाले ते सांगते, कायदा मात्र कमाई किती गेली ते विचारतो, आणि हे दोन आकडे एकच असतात असे नाही. १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रताप नारायण सिंह देव विरुद्ध श्रीनिवास सबाता या खटल्यात हेच सांगितले. चित्रपटगृहात काम करताना पडून डावा हात गमावलेल्या सुताराचे नुकसान न्यायालयाने शंभर टक्के मानले, कारण सुतारकाम एका हाताने होत नाही. बंधूंची टाच वाकडी जुळली असेल, उकिडवे बसता येत नसेल, परांचीवर उभे राहता येत नसेल, थापी धरताना मनगट दुखत असेल, तर गवंडी म्हणून त्यांचे काय उरले हे डॉक्टरांनी प्रमाणपत्रात लिहिले पाहिजे. तपासणीला जाताना ते नेमके कोणते काम करत होते हे सविस्तर सांगा. ‘मजूर’ एवढ्याच शब्दावर भागवू नका.

कागदांपैकी केसपेपर सर्वांत महत्त्वाचा. मी साइट सुपरवायझर असताना एका बिगाऱ्याला दवाखान्यात नेणाऱ्या मुकादमाने पोलिसांची कटकट नको म्हणून ‘घराच्या जिन्यावरून पडला’ असे लिहून घेतले, मी तेव्हा गप्प बसलो, आणि पुढे त्या एका ओळीवर दोन वर्षे उलटतपासणी चालली. आपल्या केसपेपरवर काय लिहिले आहे ते आजच वाचा. नोकरीचा पुरावा म्हणून नियुक्तिपत्र कोणाकडेच नसते. फोनवर आलेली खर्ची (मजुरीतली उचल), हजेरीच्या वहीचा फोटो, मुकादमाचे व्हॉट्सअॅप संदेश आणि शेजारी काम करणाऱ्या दोघांची साक्ष हे पुरेसे होऊ शकते. ठेकेदार आणि बिल्डर या दोघांनाही स्पीड पोस्टाने, रजिस्ट्रेशनसह नोटीस पाठवा. अपघात मालकाला माहीत होता हे उघड असल्याने नोटिशीला झालेला उशीर दावा बुडवत नाही.

एक गोष्ट मात्र आधी तपासा. ठेकेदाराने मजुरीतून ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याची वर्गणी, कापली असेल, तर या कायद्याखाली दावा चालत नाही. मग मजुरीच्या ९० टक्के दराने तात्पुरत्या अपंगत्वाचा लाभ आणि पुढे कायमचा लाभ ईएसआय महामंडळाकडे मागावा लागतो. बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी असल्यास तेथील मदत वेगळी असते, तिचाही अर्ज करा.

अर्ज पुण्यातच करावा लागतो असे नाही. अर्जदार जेथे नेहमी राहतो तेथील आयुक्तांकडेही तो करता येतो. आपल्या राज्यात हे काम पुष्कळ ठिकाणी कामगार न्यायालयच पाहते. अपंग व्यक्तीला आणि औद्योगिक कामगाराला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मोफत मिळतो, तेव्हा भरपाईतला हिस्सा मागणाऱ्या मध्यस्थाची गरज नाही. मुदत अपघातापासून दोन वर्षांची, म्हणजे ऑगस्ट २०२७ पर्यंत आहे. पण साइट संपली की साक्षीदार दुसऱ्या गावी कामाला जातात, म्हणून त्या दोघांचे फोन नंबर आणि गावचे पत्ते या आठवड्यातच लिहून घ्या.