फुकटात जाहिरात करायची तर आधी आपलं स्टेशन पकडा

तुम्ही विचारलंय की आई भांडुपला घरून उकडीचे मोदक आणि पुरणपोळ्या करून देते, जाहिरातीला पैसे नाहीत, इन्स्टाग्रामवर पेज काढलंय, लाइक येतात पण ऑर्डर येत नाहीत. मी आणि माझी जाऊ मुलुंडला घरून हेच काम करतो म्हणून मनापासून सांगते, लाइकच्या मागे लागू नका. नागपूरच्या कुणी व्हिडिओ बघितला तर छानच वाटतं, पण गरम मोदक घ्यायला येणार तो भांडुप, नाहूर, कांजूरचाच माणूस. त्याच्या मोबाईलवर आईचं नाव दिसलं पाहिजे, आणि त्याला एक रुपया लागत नाही.

सगळ्यात आधी व्हॉट्सॲप बिझनेस. ॲप फुकट आहे, त्यात कॅटलॉग बनतो, म्हणजे प्रत्येक पदार्थाचा फोटो आणि भाव एकदा टाकून ठेवला की रोज वीस जणांना तेच तेच टाइप करत बसायला नको. आणि भाव लिहाच हो, "रेटसाठी मेसेज करा" असं लिहिलं की निम्मे लोक तिथूनच परत जातात, विचारायला संकोच वाटतो लोकांना. ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये 256 जण बसतात, पण ज्याने तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यालाच तो मेसेज पोचतो, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. म्हणून डबा देतानाच सांगायचं, "काका, नंबर सेव्ह करून ठेवा, संकष्टीला स्टेटस टाकतो."

संकष्टी तर तुमचा हक्काचा दिवस, दर महिन्याला येते. आदल्या दिवशी संध्याकाळी सहा ते आठमध्ये स्टेटस टाका, तेव्हा माणसं सीएसएमटीवरून सुटलेल्या लोकलमध्ये मोबाईल बघत असतात. त्यात एवढंच लिहा: उद्या संकष्टी, उकडीचे मोदक, 11 चा बॉक्स, अमुक भाव, ऑर्डर आज रात्री दहापर्यंत, पिकअप भांडुप स्टेशन पश्चिम, संध्याकाळी सातपासून. पिकअपची जागा आणि वेळ सगळ्यात महत्त्वाची, कारण ऑफिसमधून येणाऱ्या बाईला चंद्रोदयाच्या आधी मोदक हातात हवे असतात आणि ते जाता जाता मिळाले तर ती दुसरीकडे कशाला शोधेल. गणपतीत मात्र आदल्या दिवशी नाही, दोन आठवडे आधीपासून सांगायला लागा आणि ऑर्डर घ्यायची शेवटची तारीख ठरवून टाका, नाहीतर आईचे हाल होतील.

दुसरं, गूगल बिझनेस प्रोफाइल. हेही फुकट. घरचा पत्ता दाखवायचा नसेल तर लपवता येतो, फक्त कुठल्या भागात देता ते टाकायचं. बऱ्याचदा व्हिडिओ काढून व्हेरिफिकेशन करायला सांगतात, थोडं किचकट आहे पण करा, कारण "मोदक भांडुप" असं शोधणाऱ्याला आत्ता मोदकच हवे असतात. खूश झालेल्या गिऱ्हाइकाला त्याच दिवशी लिंक पाठवून रिव्ह्यू मागा, आठवड्याने कोण लिहीत नाही.

आता इन्स्टाग्राम. बंद करू नका, फक्त पोस्टर टाकणं थांबवा. आईचे हात दाखवा. खिडकीशी उजेडात बसवा, टीव्ही बंद करा, आणि पारीला कळ्या पाडतानाचा, मग त्या सगळ्या एकत्र आणून तोंड मिटतानाचा व्हिडिओ काढा, चेहरा नको असेल तर नका घेऊ. सुरुवातीलाच मोदक फोडून आतलं सारण आणि वाफ दिसू दे, कळ्या नंतर, कारण पहिल्या दोन-तीन सेकंदांत माणूस थांबला तर थांबला. गाणं नसलं तरी चालतं, बांगड्यांचा आवाज पुरतो खरं तर. कॅप्शन मराठीत, लोकेशन भांडुप. शेजारी कुणी सोलकढी किंवा मसाले विकत असेल तर कोलॅब पोस्ट करा, एकच पोस्ट दोघांच्या पेजवर दिसते. ते "हजार फॉलोअर घ्या" म्हणणारे मेसेज सरळ ब्लॉक करा, त्यातला एकही जण मोदक घेणार नाही.

सोसायटीच्या ग्रुपवर टाकायच्या आधी ॲडमिनला विचारा, आणि रोज टाकू नका, लोक वैतागतात आणि मग आईचं नाव बघूनच पुढे जातात. एफएसएसएआयचं (खाद्यपदार्थांच्या सुरक्षेची सरकारी संस्था) रजिस्ट्रेशन करून तो 14 आकडी नंबर बॉक्सवर आणि प्रोफाइलवर टाका, अनोळखी गिऱ्हाइकाला त्याने धीर येतो.

आणि एक गोष्ट आईला नीट समजावून सांगा. नंबर सगळीकडे गेला की फसवणारेही फोन करतात, मोठी ऑर्डर द्यायची, ॲडव्हान्स पाठवतो म्हणायचं आणि क्यूआर कोड पाठवून स्कॅन करून पिन टाका म्हणायचं. पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही, पिन टाकला की आपल्याच खात्यातून जातात. असा फोन आला की सरळ ठेवून द्यायचा, ऑर्डर कितीही मोठी असो.